पलटणीचे मोल : कबड्डीतील बोली, करार आणि अजिंक्यपद

१

आंबेगाव तालुक्यातील तळेघर हे गाव भीमाशंकरच्या वाटेवर, सह्याद्रीच्या माथ्यालगत वसले आहे. तेथून पोखरीचा घाट उतरून डिंभे, घोडेगाव, मंचर असे पूर्वेकडे येऊ लागले म्हणजे भाताची खाचरे मागे पडतात आणि त्याबरोबर 'घाट' या शब्दाचा अर्थही पालटतो. तळेघरच्या बाजूस घाट म्हणजे डोंगर चढण्याउतरण्याचा मार्ग. आंबेगाव-जुन्नरच्या पूर्वेकडील यात्रेच्या गावी मात्र घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीसाठी राखलेली चढणीची पट्टी. या घाटात गाड्याला चार बैल जुंपतात. पुढच्या जोडीस जुकाट म्हणतात, मागची जोडी धुरेची. चढण किती सेकंदांत तोडली यावर गाड्याचा क्रम ठरतो आणि सर्वांत वेगवान ठरलेल्या गाड्यास 'घाटाचा राजा' ही पदवी मिळते. चारही बैल एकाच मालकाचे असतातच असे नाही. दोघा मालकांनी आपापली जनावरे एकत्र आणून गाडा उभा केला तर त्यास 'जुगलबंदी' म्हणण्याचा प्रघात आहे. संगीताच्या बैठकीतला हा शब्द यात्रेच्या माळावर कसा येऊन पोहोचला, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल.

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने या घाटात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. एखादा बैल कितीही मोल देऊन आणला तरी तो एकटा गाडा ओढीत नाही. उरलेल्या तिघांचा वेग त्याच्या वेगाशी जुळला नाही तर त्याच्यावर ओतलेला पैसा घाटाच्या मध्यावरच वाया जातो. शिवाय जिंकलेल्या इनामातून बैलाच्या वर्षभराच्या खुराकाचा खर्च निघावा, अशी अपेक्षा कोणी जाणता मालक धरीत नाही. तेव्हा किती खर्चावे, कोणावर खर्चावे आणि जिंकण्याशी त्या खर्चाचा नेमका संबंध काय, हे प्रश्न या परिसराला नवे नाहीत. ते माणसांच्या खेळात, आणि तेही महाराष्ट्राच्या मातीतल्या एका खेळात, उघडपणे कसे आले आणि पुणे शहराच्या नावाने खेळणाऱ्या संघाने त्यांचे उत्तर कसे शोधले, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली ती ७ मे २०१४ रोजी. त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनी, २० मे २०१४ रोजी, मुंबईत कबड्डीपटूंचा पहिला लिलाव झाला. बैलांच्या शर्यतींना पुढे १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने संबंधित कायदे वैध ठरवले. या दोन घटनाक्रमांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध काहीही नाही; परंतु एका बाजूस जनावरांच्या चढाओढीचा बाजार थांबला असता दुसऱ्या बाजूस माणसांच्या कौशल्याचा बाजार मांडला गेला, हा योग इतिहासलेखकाच्या नजरेतून सुटणारा नाही.

२

त्यापूर्वीच्या काळात खेळाडूचे मोल कसे चुकवले जाई? याचे उत्तर शोधताना शब्दच मार्गदर्शक ठरतात. खुराक, इनाम, बिदागी, मानधन, वेतन, करार हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. प्रत्येकामागे निराळी समाजव्यवस्था उभी आहे. कोल्हापुरास शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत मल्लविद्येस जो राजाश्रय मिळाला, त्याचे चलन मुख्यतः खुराक हेच होते. १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान त्या आश्रयाचे दृश्य स्मारक होय. दरबार मल्लास पोसत असे आणि मल्लाच्या विजयाने दरबाराची शान वाढत असे. या व्यवहारात हिशेब नव्हता असे नाही. पण तो वहीत मांडून नफातोटा काढण्याचा नव्हता. मल्ल हरला म्हणून त्याचा खुराक दुसऱ्या संस्थानाने बोली लावून विकत घ्यावा, ही कल्पनाच तेथे संभवत नव्हती.

कबड्डीला तेवढाही राजाश्रय लाभला नाही. हुतूतू या नावाने महाराष्ट्रात रुळलेल्या या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ठरत गेले. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने ते छापून प्रसिद्ध केले. १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने भारतीय खेळांची जी प्रात्यक्षिके केली, त्यांत याही खेळास स्थान मिळाले. १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, १९५२ साली मद्रास येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी आयुष्य वेचून उभारलेला हा डोलारा होता. त्यात खेळाडूच्या पदरी मात्र पैशाच्या रूपाने फारसे काही पडत नसे.

पडत असे ती नोकरी. रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्र यांसारख्या आस्थापनांचे संघ हेच कबड्डीपटूचे खरे धनी होते, आणि खेळाच्या बळावर मिळालेली कायम नोकरी हाच त्याचा खरा करार होता. या कराराचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. आस्थापना खेळाडूस त्याच्या ऐन उमेदीच्या पाच-सात वर्षांसाठी घेई, पण वेतन देई ते साठाव्या वर्षापर्यंत. गुडघा निकामी झाला तरी हजेरीपटावरचे नाव जात नसे. खेळाडूच्या दृष्टीने ही सुरक्षा मोठी होती. तिची किंमत तो एवढीच देत असे की ऐन बहरातही त्याचे मोल त्याच्या पदश्रेणीपलीकडे जात नसे. उत्तम चढाईपटू आणि सामान्य चढाईपटू एकाच वेतनश्रेणीत कारकुनी करीत. संघांचे हित पाहू गेल्यास येथे स्पर्धा होती ती जागा निर्माण करण्याची आणि होतकरू मुलगा आधी हेरण्याची. पैसा अधिक मोजण्याची नव्हे. पुढे जे घडले त्याच्याशी तुलना करण्यासाठी ही व्यवस्था आधारभूत धरावी लागते.

३

प्रो कबड्डी लीग ही साखळी स्पर्धा २६ जुलै २०१४ रोजी आठ संघांनिशी सुरू झाली. त्यांपैकी मुंबईचा यू मुंबा आणि पुण्याचा पुणेरी पलटण हे दोन संघ महाराष्ट्रातले. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली लागली ती रेल्वेच्या राकेश कुमार यांस, आणि ती होती १२ लाख ८० हजार रुपयांची. पाटणा पायरेट्स या संघाने ती लावली. पुढील नऊ वर्षांत ही सर्वोच्च बोली वीसपट झाली. २०१७ मध्ये संघ बारा झाले आणि नितीन तोमर यांस ९३ लाख मिळाले. २०१८ मध्ये मुंबईच्या संघाने इराणच्या फझल अत्राचली यांस एक कोटी देऊन कोटीची वेस प्रथम ओलांडली, आणि त्याच लिलावात मोनू गोयत यांची बोली १ कोटी ५१ लाखांवर जाऊन थांबली. त्यानंतर प्रदीप नरवाल, १ कोटी ६५ लाख, २०२१. पवन सेहरावत, २ कोटी २६ लाख ५० हजार, २०२२. आणि पुन्हा पवन सेहरावत, २ कोटी ६० लाख ५० हजार, २०२३.

'लिलाव' हा शब्द मराठीने पोर्तुगीज भाषेतून उचलला. 'करार', 'किंमत' आणि 'इनाम' हे अरबी मूळचे, फारसीच्या वाटेने आलेले. 'बोली' मात्र घरचा शब्द. बोलणे आणि मोल लावणे या दोन्ही क्रिया मराठीने एकाच शब्दात सामावल्या आहेत, आणि श्वास रोखून एकच शब्द सतत उच्चारीत राहण्याच्या या खेळाला तो शब्द विलक्षण शोभतो. बोलीचे हे भाग्य स्त्री खेळाडूंच्या वाट्यास मात्र तसे आले नाही. २०१६ साली याच स्पर्धेबरोबर तीन महिला संघांची एक छोटी स्पर्धा घेण्यात आली. महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे यांनी त्यांतील एका संघाचे नेतृत्व केले. तो प्रयोग त्या वर्षापुरताच राहिला.

लिलावाची ही चढती भाजणी पाहून असा समज होणे स्वाभाविक आहे की ज्याची थैली मोठी त्याचे अजिंक्यपद. तसे होत नाही, कारण थैली सर्वांची सारखीच असते. स्पर्धेच्या दहाव्या हंगामात, म्हणजे २०२३-२४ मध्ये, प्रत्येक संघास खेळाडूंवर अधिकाधिक पाच कोटी रुपये खर्चण्याची मुभा होती आणि त्यातून किमान अठरा खेळाडू बांधावयाचे होते. लिलावातील खेळाडूंची मूळ किंमत चार श्रेणींत ठरलेली होती: तीस लाख, वीस लाख, तेरा लाख आणि नऊ लाख. मर्यादेची ही कल्पना आली अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलसारख्या खेळांतून. तेथील राष्ट्रीय संघटनेने १९८४-८५ च्या हंगामात संघाच्या एकूण वेतनावर ३६ लाख डॉलरची मर्यादा घातली. पण ती मर्यादा लवचीक होती. आपलाच जुना खेळाडू राखण्यासाठी ती ओलांडता येत असे. बॉस्टनच्या लॅरी बर्ड यांच्या नावाने ती सवलत आजही ओळखली जाते. कबड्डीत अशी पळवाट नाही. आपल्या जुन्या खेळाडूवर दुसऱ्याने लावलेली अंतिम बोली तितकीच रक्कम देऊन आपल्याकडे वळवण्याचा हक्क संघास मर्यादित प्रमाणात आहे. परंतु ती रक्कम पाच कोटींतूनच जाते. जो खेळाडू आपणच घडवला, त्याचे मोल वाढल्याचा भुर्दंडही आपणच सोसावयाचा, असा हा न्याय आहे.

अमेरिकेतील लवचीक मर्यादेतही खरे गणित वेगळे नव्हते. गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाने २०१२ साली स्टीफन करी यांच्याशी चार वर्षांचा ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला, तेव्हा त्यांच्या घोट्याच्या दुखण्यामुळे तो कोणास स्वस्त वाटला नाही. घोटा टिकला, करी त्या खेळातले अग्रगण्य खेळाडू ठरले, आणि करारातील आकडा मात्र जुनाच राहिला. २०१५ चे विजेतेपद त्या अंतरातून आले. पुढे प्रक्षेपणाच्या नव्या उत्पन्नामुळे संघटनेची मर्यादा एकाच वर्षात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाख डॉलरवर गेली, तेव्हा करी यांच्या स्वस्त कराराच्या शेजारी केव्हिन ड्युरंट यांचा महाग करार बसवता आला, आणि २०१७ व २०१८ ची विजेतेपदे त्याच संघाकडे गेली. अजिंक्यपद खेळाडूच्या किमतीतून येत नाही. त्याची किंमत आणि त्याचा प्रत्यक्ष उपयोग यांच्यातील फरकातून येते. मर्यादा जितकी कडक, तितके या फरकाचे महत्त्व वाढते, आणि कबड्डीत ती पूर्ण कडक आहे.

४

महाग बोलीचा इतिहास पाहिला असता हे अधिक स्पष्ट होते. २०१८ मध्ये मोनू गोयत यांच्यावर विक्रमी रक्कम लावणारा हरियाना स्टीलर्स संघ आपल्या गटात तळाशी राहिला. त्याच हंगामात मुंबईच्या संघाने कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड भागातून आलेल्या सिद्धार्थ देसाई या नवख्या चढाईपटूस ३६ लाख ४० हजारांत घेतले होते. त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. पुढील लिलावात त्याचे मोल १ कोटी ४५ लाख झाले आणि तेलुगू टायटन्सने ते मोजले. नव्या संघातही देसाई यांनी दोनशेहून अधिक गुण आणले, म्हणजे खेळाडूने आपली बाजू चोख पार पाडली. पण जे काम वर्षापूर्वी ३६ लाखांत होत होते त्याला आता चौपट रक्कम पडली आणि ती रक्कम उरलेल्या संघातून कमी झाली. टायटन्स बादफेरीत पोहोचले नाहीत. ज्यांनी देसाई यांना सोडले तो मुंबईचा संघ उपांत्य फेरीत जाऊन बंगाल वॉरियर्सकडून ३५-३७ असा निसटता हरला. अजिंक्यपद त्या वर्षी बंगालने मिळवले, आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते बी. सी. रमेश, हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

२०२२ मध्ये तमिळ थलैवाजने पवन सेहरावत यांना सव्वादोन कोटींहून अधिक देऊन घेतले आणि पहिल्याच सामन्यात ते जायबंदी होऊन हंगामाबाहेर गेले. नवल असे की उरलेल्या तरुण संघाने उपांत्य फेरी गाठली. या एका घटनेवरून तारांकित खेळाडूंची गरजच नसते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. कबड्डीत पैसा चढाईपटूकडेच का धावतो, एवढा प्रश्न मात्र त्यावरून उपस्थित होतो. २०१७ ते २०२२ या काळातील सर्वाधिक बोलीचे खेळाडू पाहिले तर ते सर्व चढाईपटूच आहेत. चढाईपटू मैदानाच्या मध्यावर एकटा दिसतो, त्याचा प्रत्येक गुण त्याच्या नावावर मांडला जातो. कोपऱ्यातल्या रक्षकाची गोष्ट वेगळी. त्याच्या धाकाने प्रतिस्पर्धी रिकाम्या हाताने परतला तर तो धाक कोणत्याही रकान्यात लिहिला जात नाही. जे मोजता येते त्यालाच मोल येते, ही बाजाराची जुनी खोड येथेही दिसते.

५

पुणेरी पलटणीचा आरंभ शोभादायक नव्हता. पहिल्या दोन्ही हंगामांत संघ तळाशी राहिला. नंतर दोनदा तिसरे स्थान मिळाले. २०१८ मध्ये नितीन तोमर यांना १ कोटी १५ लाख देऊन संघात आणले गेले, पण त्याने दैव पालटले नाही. पुण्याच्या नावाने खेळणाऱ्या क्रिकेट संघांचा अनुभवही येथे ध्यानात घ्यावा. सहारा समूहाने ३७ कोटी डॉलर देऊन घेतलेला पुणे वॉरियर्स हा संघ २०११ ते २०१३ या तीन हंगामांत तळाजवळून कधी वर आला नाही. २०१७ मध्ये रायझिंग पुणे सुपरजायंट या दुसऱ्या संघाने बेन स्टोक्स यांच्यासाठी साडेचौदा कोटी मोजले. स्टोक्स त्या स्पर्धेतील सर्वाधिक मौल्यवान खेळाडू ठरलेही. पण देशाच्या संघासाठी त्यांना बादफेरीआधीच इंग्लंडला जावे लागले. अंतिम सामना पुण्याने मुंबईविरुद्ध एका धावेने गमावला. त्या संघाला तेथवर नेणाऱ्यांत तीस लाखांचे जयदेव उनाडकट होते, ज्यांनी २४ बळी घेतले. आणि मूळ किमतीत, म्हणजे दहा लाखांत मिळालेले पुण्याचे राहुल त्रिपाठी होते, ज्यांनी ३९१ धावा केल्या. ज्या शहराने हे पाहिले, त्या शहरातल्या कबड्डी संघाने पुढे स्वस्त आणि तरुण खेळाडूंकडे वळावे यात आश्चर्य नाही. मात्र कबड्डीच्या संघाने क्रिकेटकडून धडा घेतला असा पुरावा नाही, आणि तसे येथे सुचवावयाचेही नाही.

२०२१-२२ च्या आठव्या हंगामात पलटणीने नामांकित अनुभवी चढाईपटू घेतले होते. परंतु हंगाम पुढे सरकला तसा भार पडला तो नव्या तरुण खेळाडूंच्या श्रेणीतून आलेल्या दोघांवर. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियानाचा मोहित गोयत हे ते दोघे. या श्रेणीचे मर्म असे की असे खेळाडू लिलावात न उतरता थेट संघाशी बांधले जातात आणि पुढील काही हंगाम ठरल्या रकमेत राखता येतात. त्यांच्यावर बोली लागत नाही, म्हणून वृत्तपत्रांतील विक्रमी रकमांच्या यादीत त्यांचे नाव येत नाही. पलटणीच्या अजिंक्यपदाचा हिशेब त्या यादीवरून मांडू पाहणारास तो जुळत नाही, याचे कारण हेच.

२०२२ च्या नवव्या हंगामात या तरुणांच्या जोडीस फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांत आणि मोहम्मद नबीबक्ष ८७ लाखांत आले. संघ प्रथमच अंतिम फेरीत गेला आणि १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरकडून २९-३३ असा हरला. पुढल्या लिलावाआधी अत्राचली यांना सोडण्यात आले. गुजरातने त्यांस १ कोटी ६० लाख दिले. पलटणीने त्यांच्या जागी त्यांच्याच देशाचा, वयाने बराच लहान असा दुसरा बचावपटू उचलला: मोहम्मदरझा शादलुई चियानेह. पाटणा संघाने २०२१ मध्ये त्यास अवघ्या ३१ लाखांत घेतले होते आणि पहिल्याच हंगामात त्याने पकडीचे ८९ गुण घेतले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या लिलावात पलटणीने त्याच्यावर २ कोटी ३५ लाखांची बोली लावली. ती त्या क्षणापर्यंतची सर्वोच्च होती, आणि ती चढाईपटूवर नव्हे तर कोपऱ्यातल्या माणसावर लागली होती. लगेचच पवन सेहरावत यांच्यासाठी टायटन्स त्याच्याही पुढे गेले.

येथे थोडे अंकगणित करून पाहणे उद्बोधक ठरेल. चियानेहवर पलटणीच्या पाच कोटींपैकी ४७ टक्के गेले. सेहरावत यांच्यावर टायटन्सचे ५२ टक्के. किमान अठरा जणांचा संघ धरला तर पुण्याकडे उरलेल्या सतरा जणांसाठी २ कोटी ६५ लाख राहतात, म्हणजे दरडोई सुमारे साडेपंधरा लाख. हैदराबादच्या संघाकडे राहतात २ कोटी ३९ लाख ५० हजार, म्हणजे दरडोई चौदा लाखांच्या किंचित वर. माणशी दीड लाखाचा हा फरक. आणि निकाल? टायटन्सनी बावीस सामन्यांत दोन जिंकले आणि ते तळाशी राहिले. पलटणीने सतरा जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, दोनच गमावले आणि ९६ गुणांनिशी ते अग्रस्थानी आले. सेहरावत यांचा खेळ खालावला होता म्हणावे, तर त्यांनी चढाईत दोनशेच्या वर गुण मिळवले होते. तेव्हा एका खेळाडूवर निम्मी थैली रिती करणे हे स्वतः शहाणपणाचे नाही आणि मूर्खपणाचेही नाही. उरलेल्या अर्ध्या थैलीत कोण मावले, हा प्रश्न निर्णायक ठरला. टायटन्सना चौदा लाखांच्या आतबाहेरची माणसे बाजारातून घ्यावी लागली. पलटणीकडे त्या सरासरीत इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत, अबिनेश नडराजन, गौरव खत्री ही आधीच घडवलेली आणि एकमेकांच्या हालचाली ओळखणारी मंडळी होती. बाजारात यांचे मोल त्याहून पुष्कळ झाले असते. साखळीच्या मध्यात पकड करताना कोणी हात सोडावयाचा आणि कोणी घोट्याकडे झेपावयाचे हे ज्ञान विकत मिळत नाही, ही गोष्ट रमेश यांच्यासारख्या प्रशिक्षकास ठाऊक होती. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पलटणीने हरियाना स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळवून अजिंक्यपद घेतले. चियानेहने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले; सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा मान मात्र कर्णधार इनामदार यास मिळाला.

विजेत्या संघास तीन कोटी रुपयांचे इनाम होते. म्हणजे पाच कोटींच्या संघाने सर्व काही जिंकले तरी खेळाडूंचाच खर्च निघत नव्हता, मग प्रशिक्षण, प्रवास आणि निवास यांची गोष्ट दूरच. आंबेगावच्या घाटातील मालकाचे गणित येथे जसेच्या तसे भेटते. फरक इतकाच की त्या मालकापाशी प्रक्षेपणाचे उत्पन्न नसते. या स्पर्धेचे पाच हंगामांचे प्रक्षेपणहक्क २०२१ मध्ये सुमारे ९०८ कोटी रुपयांना गेले होते, आणि संघ चालतात ते अशा उत्पन्नावर आणि जाहिरातदारांवर. ते उत्पन्न जिंकण्याहरण्यावर थेट अवलंबून नसते. तरीही संघ अजिंक्यपदामागे धावतात, याचे स्पष्टीकरण केवळ जमाखर्चात सापडणार नाही.

६

पलटणीच्या शहाणपणाची प्रशंसा करताना एक बाजू झाकली जाते. ज्यास संघाचा चोख व्यवहार म्हणावयाचे, तोच खेळाडूच्या बाजूने पाहता तोटा असतो. बोलीच्या बाजारात ज्याचे मोल कितीतरी अधिक झाले असते, त्या तरुणास ठरल्या श्रेणीत राखता आले, आणि त्या फरकातून अजिंक्यपद उभे राहिले. इनामदार याने अंतिम विजय मिळवून दिला तो अशा व्यवस्थेत, जिच्यात निम्मा पैसा एका माणसावर जाणे शक्य होते ते इतरांचे मोल दाबलेले होते म्हणूनच. जुन्या नोकरीच्या करारातही उत्तम खेळाडूचे मोल दबलेलेच असे. पण त्या बदल्यात तेथे साठीपर्यंतची हमी होती. नव्या करारात श्रेणीचे बंधन राहिले आणि हमी गेली. पुढच्याच हंगामात इनामदार गुडघ्याच्या दुखापतीने मध्येच खेळाबाहेर गेला, तेव्हा ही हमी म्हणजे काय होती हे पाहणारांच्या ध्यानात आले असेल. याला उत्तर म्हणून असे म्हटले जाते की अनेक खेळाडू आजही आस्थापनांत नोकरी करूनच ही स्पर्धा खेळतात. ते खरे आहे. पण मग असे म्हणणे भाग पडते की नव्या बाजाराची जोखीम अद्याप जुनी व्यवस्थाच वाहत आहे.

अजिंक्यपदानंतर पलटणीने चियानेहला सोडले. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात हरियाना स्टीलर्सने त्यास २ कोटी ७ लाखांत घेतले. पलटणीने आपला तरुण गाभा राखला, परंतु इनामदार याच्या दुखापतीनंतर संघ आठव्या स्थानावर घसरला आणि बादफेरीस मुकला. चियानेहविना पलटण आणि इनामदारविना पलटण या दोन गोष्टी एकाच हंगामात घडल्याने कोणाचा अभाव किती भोवला हे वेगळे काढता येत नाही. त्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातच, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाला. यजमान शहराचा संघ त्यात नव्हता. हरियानाने पाटण्यास ३२-२३ असे हरवून आपले पहिले अजिंक्यपद मिळवले, आणि दहा महिन्यांपूर्वी पुण्यासाठी चषक जिंकणारा इराणी रक्षक पुण्याच्याच मैदानावर दुसऱ्या संघाच्या वेषात तो पुन्हा उंचावत होता.

२०२५ च्या लिलावात हरियानानेही त्यास राखले नाही. गुजरातने २ कोटी २३ लाखांची बोली लावली. पलटण त्या वर्षी पुन्हा इनामदार याच्या नेतृत्वाखाली उतरली, अंतिम फेरीत पोहोचली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी तीन गुणांनी हरली.